डार्विनची पत्रे आणि आनुवंशिकतेचे न सुटलेले कोडे: एका मोफत संकेतस्थळाचे परीक्षण

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी जोडलेला ‘डार्विन करस्पॉन्डन्स प्रोजेक्ट’ हा प्रकल्प चार्ल्स डार्विनने लिहिलेली आणि त्याला आलेली, आजवर हाती लागलेली १५,००० हून अधिक पत्रे आपल्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचू देतो. उत्क्रांतीवरच्या लेखांची, चित्रफितींची आणि व्याख्यानांची इंटरनेटवर वानवा नाही. मात्र त्यांतले बरेचसे साहित्य एका प्रश्नापाशी आले की घाईने पुढे सरकते. आईवडिलांचे गुण मुलांत नेमके कसे उतरतात याचा कोणालाच पत्ता नव्हता, अशा काळात गुणांच्या वारशावरच उभा असलेला सिद्धान्त मांडणाऱ्या माणसाने ती पोकळी कशी निभावून नेली? या प्रश्नाचा माग काढायचा असेल तर या संकेतस्थळाला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हे परीक्षण मी त्याच अंगाने लिहीत आहे. बीगल जहाजाचा प्रवास, धर्माशी निघालेले वाद, ऑर्किडवरचे प्रयोग यांसाठीही हा संग्रह उपयोगी आहेच, पण त्याची खरी ताकद मला आनुवंशिकतेविषयीच्या पत्रांत दिसली.

आपल्याकडे राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात मेंडेल भेटतो आणि दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात डार्विन आणि लॅमार्क भेटतात. लॅमार्कचे म्हणणे चुकीचे निघाले, डार्विनचे बरोबर ठरले आणि मेंडेलच्या नियमांनी उरलेली जागा भरून काढली, अशी एक सरळ मांडणी त्यातून विद्यार्थ्याच्या मनात तयार होते. परीक्षेपुरती ती पुरेशी असेलही, पण पत्रे तारखेच्या क्रमाने वाचू लागले की ती टिकत नाही. कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, या ज्या कल्पनेमुळे लॅमार्क आज ओळखला जातो, ती त्याच्या काळात सर्रास मानली जात होती आणि डार्विननेही ती शेवटपर्यंत सोडली नाही. मेंडेलचा निबंध डार्विनच्या हयातीत छापून झाला होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. आणि मेंडेलला ज्या प्रकारचे आकडे मिळाले, त्याच प्रकारचे आकडे डार्विनलाही स्वतःच्या प्रयोगांत मिळाले होते, तरी त्यांचा अर्थ त्याला लागला नाही. या साऱ्याचा मोठा भाग या संकेतस्थळावर त्या त्या वेळच्या शब्दांत, तारखेसह वाचायला मिळतो.

प्रकल्पाची सुरुवात १९७४ मध्ये फ्रेडरिक बर्कहार्ट या अमेरिकन अभ्यासकाने सिडनी स्मिथ या प्राणिशास्त्रज्ञाच्या साथीने केली. १९८५ पासून केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने या पत्रांचे खंड काढायला आरंभ केला आणि ते काम ३० खंडांपर्यंत गेले. इतके खंड विकत घेणे सामान्य वाचकाला शक्य नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालयांनाही परवडणारे नाही, म्हणून संकेतस्थळाचे मोल अधिक. प्रत्येक पत्राला एक कायमचा क्रमांक दिलेला आहे. पत्राच्या पानावर कोणी कोणाला, कोठून आणि कधी लिहिले याची नोंद असते, मजकुराचा दोन-तीन ओळींचा सारांश असतो, मग शब्दशः उतरवून घेतलेला मजकूर, त्याखाली तळटीपा आणि मूळ कागद आज कोणत्या संग्रहात आहे याची माहिती असते.

संपादनाची शिस्त किती कसोशीची आहे, हे दोन बारीक गोष्टींवरून कळते. डार्विन पुष्कळदा पत्रावर वार किंवा दिवस लिही, पण वर्ष लिहीत नसे. अशा वेळी मजकुरातले उल्लेख, कागद, उत्तरादाखल आलेली पत्रे असे धागे जुळवून संपादक वर्ष ठरवतात आणि ते चौकटी कंसात देतात, म्हणजे मूळ तारीख कोणती आणि अनुमान कोणते, हे वाचकाला तत्काळ दिसते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. डार्विनला आलेल्या पत्रांवर त्याने पेन्सिलने केलेल्या खुणा, मारलेल्या रेघा आणि समासातले शेरे यांचीही नोंद मजकुराखाली केलेली आहे. समोरच्याने दहा पाने लिहिली असतील, तर त्यातले कोणते वाक्य डार्विनला कामाचे वाटले, हे त्यावरून समजते. आनुवंशिकतेविषयी त्याचे विचार कसे जुळत गेले हे पाहायचे असेल तर या खुणांइतका भरवशाचा पुरावा मिळणे अवघड.

वाचनाला कोठून सुरुवात करावी, असे कोणी विचारले तर मी ७२९ क्रमांकाचे पत्र सुचवीन. ११ जानेवारी १८४४ रोजी डार्विनने जोसेफ हूकर या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला ते लिहिले. दोघांचा परिचय तेव्हा अगदी नवा होता. पत्रातला बराचसा भाग दक्षिणेकडच्या बेटांवरील वनस्पतींविषयीच्या चौकशीचा आहे आणि मग एका लांब वाक्यात तो सांगतो की, सुरुवातीला असलेल्या आपल्या मताच्या अगदी उलट, प्रजाती अपरिवर्तनीय नाहीत याबद्दल आपली जवळजवळ खात्री पटली आहे; आणि त्याच वाक्याच्या मधोमध, कंसात, हे सांगणे म्हणजे खून केल्याची कबुली देण्यासारखे आहे, असे तो लिहितो. हे कंसातले शब्द अनेक ठिकाणी उद्धृत होतात. त्यांच्या लगेच पुढचे मात्र क्वचितच कोणी देते, आणि माझ्या दृष्टीने खरा ऐवज तिथे आहे. प्राण्यांत प्रगतीकडे जाण्याची अंगभूत ओढ असते, त्यांच्या संथ इच्छेतून त्यांचे शरीर परिस्थितीशी जुळते, असल्या लॅमार्कच्या बडबडीपासून देव मला वाचवो, असे म्हणून तो लगोलग कबूल करतो की आपण ज्या निष्कर्षांवर येऊन ठेपलो आहोत ते लॅमार्कच्या निष्कर्षांहून फारसे वेगळे नाहीत, बदल घडण्याची वाट मात्र सर्वस्वी वेगळी आहे.

या दोन-तीन ओळींत एकोणिसाव्या शतकातल्या उत्क्रांतिविचाराची सगळी ओढाताण आहे. लॅमार्कचा मुख्य ग्रंथ १८०९ चा, म्हणजे डार्विनच्या जन्माच्या वर्षीचा. प्रजाती बदलतात हे त्याने डार्विनच्या पन्नास वर्षे आधी उघडपणे मांडले होते. डार्विनला त्यातली अंगभूत प्रगतीची आणि इच्छेची भाषा अजिबात मान्य नव्हती. पण वापराने अवयव बळकट होतो, न वापरल्याने खुरटतो आणि हा परिणाम संततीत उतरतो, हे त्याने कधी नाकारले नाही. पाळीव बदके उडत नाहीत आणि चालतात जास्त, म्हणून त्यांच्या पंखांची हाडे रानटी बदकांच्या मानाने हलकी आणि पायांची हाडे जड असतात, असे त्याने हाडांच्या सांगाड्यांचे वजन करून दाखवले आणि त्याचे कारण वापर-अवापर हेच दिले. पत्रे वाचताना हा डार्विन सतत भेटत राहतो. पाठ्यपुस्तकातल्या ‘लॅमार्क विरुद्ध डार्विन’ या जोडीची सवय झालेल्या वाचकाला सुरुवातीला हे थोडे अवघड जाते, पण ते अवघडणे लाभाचे आहे.

वारसा कसा चालतो हे ठाऊक नसेल तर ज्यांना रोज त्याच्याशी व्यवहार करावा लागतो त्यांना विचारावे, ही डार्विनची रीत होती. १८५५ पासून त्याने केंट परगण्यातील डाउन गावच्या आपल्या घरी कबुतरे पाळली, लंडनच्या कबुतरपाळांच्या मंडळांत तो जाऊन बसू लागला आणि विल्यम टेगेटमायर या कोंबड्या-कबुतरांच्या जाणकाराशी त्याने वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला. या पत्रांत मोठमोठी तत्त्वे नाहीत. पिसांचे रंग, चोचींची लांबी, कोणत्या संकरातून कोणती पिल्ले निघाली, असला तपशील आहे. अनेक वाचक ती ओलांडून जातील, पण मी तसे न करण्याचा आग्रह धरीन, कारण निवडीने काय साधते हे डार्विन इथे शिकला आणि वारशाने काय होते हे आपल्याला सांगता येत नाही, याचाही अनुभव त्याला इथेच आला.

याच पत्रांच्या जाळ्यात हिंदुस्थानही येतो. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ याने १८५५-५६ मध्ये डार्विनला पाळीव जनावरांविषयी प्रदीर्घ टिपणे पाठवली. आपल्याकडची वशिंडाची गुरे सवयींत, आवाजात आणि प्रकृतीत युरोपातल्या गुरांपेक्षा वेगळी आहेत, त्यामुळे ती वेगळ्याच मूळ जातीपासून आलेली असावीत, असे मत डार्विनने पुढे छापले, ते ब्लाइथने पुरवलेल्या माहितीवरून. मद्रासमधले सनदी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक वॉल्टर इलियट यांच्याकडून कबुतरांची कातडी मिळाली. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजार कबुतरे असत, हा उल्लेखही डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या मुख्य ग्रंथात आहे. ब्लाइथचे ८ डिसेंबर १८५५ चे पत्र मात्र आणखी एका कारणाने वाचण्याजोगे आहे: बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये असलेल्या आल्फ्रेड वॉलेस या निसर्गअभ्यासकाचा प्रजातींच्या उगमासंबंधीचा लेख नुकताच प्रसिद्ध झाला होता आणि त्याबद्दल तुमचे काय मत, असे ब्लाइथने त्यात मोकळेपणाने विचारले आहे. त्यापुढे अडीच वर्षांनी वॉलेसने डार्विनसारखाच सिद्धान्त लिहून त्याच्याकडे पाठवला, हे सर्वश्रुत आहे. १८ जून १८५८ चे चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेले पत्र (क्रमांक २२८५) वाचताना वॉलेसचा निबंध हाती पडल्यावर डार्विनची काय अवस्था झाली ते कळते, पण त्या प्रसंगावर इतके लिहिले गेले आहे की मी इथे थांबत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे. डार्विनच्या काळी बहुतेकांची समजूत अशी होती की आई आणि वडील यांचे गुण मुलात मिसळून जातात आणि त्यांतून मधलेच काहीतरी निपजते. ही समजूत खरी असेल तर नैसर्गिक निवडीपुढे, म्हणजे उपयुक्त बदल असलेले जीव जास्त टिकतात आणि तो बदल पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो या विचारापुढे, मोठी अडचण उभी राहते. एखाद्या प्राण्यात एखादा उपयुक्त बदल झाला, तरी त्याचा जोडीदार सामान्यच असणार. मग मुलांत तो बदल अर्धा उतरेल, नातवंडांत पाव, पतवंडांत एक अष्टमांश, आणि निवडीला पकडता येण्याआधीच तो विरून जाईल. जून १८६७ मध्ये एका नियतकालिकात नाव न देता छापलेल्या लेखाने ही अडचण नेमकी बोट ठेवून दाखवली. लेखक होता फ्लीमिंग जेंकिन हा अभियंता, ज्याचे काम समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर चालले होते. त्याने दिलेले उदाहरण, गोरा माणूस जहाज फुटून काळ्यांच्या बेटावर पोहोचल्याचे, आज वाचताना त्यातली वंशश्रेष्ठत्वाची भावना टोचते आणि ते तसेच टोचायला हवे; पण गणित बिनतोड होते. १६ जानेवारी १८६९ रोजी डार्विन हूकरला लिहितो की जेंकिनने आपल्याला पुष्कळ त्रास दिला आहे, मात्र इतर कोणत्याही लेखापेक्षा वा परीक्षणापेक्षा त्याचाच खरा उपयोग झाला. त्याच महिन्यात वॉलेसला त्याने कळवले की एकट्यादुकट्या ठळक बदलांपेक्षा सर्वांत आढळणारे बारीक फरक जास्त महत्त्वाचे आहेत, हे जेंकिनच्या युक्तिवादाने आपल्याला पटले आहे. आपल्या सिद्धान्तावर झालेल्या सर्वांत जिव्हारी लागणाऱ्या टीकेचे मोल इतक्या सरळपणे मान्य करणारी ही पत्रे मला फार मोलाची वाटतात. ‘ओरिजिन’च्या पुढच्या आवृत्तीत फक्त बदललेली वाक्ये दिसतात; ती का बदलली, हे पत्रांत दिसते.

गुण नेहमीच मिसळत नाहीत, हे डार्विनला ठाऊक होते. फेब्रुवारी १८६६ मध्ये वॉलेसला लिहिलेले एक छोटे पत्र या संपूर्ण संग्रहातले माझे सर्वांत आवडते पत्र आहे. ‘पेंटेड लेडी’ आणि जांभळा अशा गोड वाटाण्याच्या, म्हणजे स्वीट पीच्या, रंगाने अगदी निराळ्या दोन वाणांचा आपण संकर केला, असे तो सांगतो. एकाच शेंगेतल्या बियांपासून दोन्ही वाणांची रोपे जशीच्या तशी उगवली, मधल्या रंगाचे एकही रोप आले नाही. आणि पुढे तो म्हणतो की ही गोष्ट वरवर विलक्षण वाटली, तरी जगातली प्रत्येक मादी स्पष्ट नर आणि स्पष्ट मादी अशीच संतती देते, त्याहून ती अधिक विलक्षण आहे असे आपल्याला वाटत नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलगा किंवा मुलगी, अधलेमधले नाही. गुण अखंड एकक म्हणून उतरू शकतो, याची रोज डोळ्यांपुढे असलेली साक्ष त्याने बरोबर हेरली होती. तिथून एक पाऊल पुढे टाकायचे होते.

ते पाऊल दुसरीकडे टाकून झाले होते. ब्रनो शहरातील मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या संकरांवरचे आपले काम ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी तिथल्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले आणि १८६६ मध्ये, म्हणजे डार्विनने वॉलेसला वाटाण्याच्या शेंगेबद्दल लिहिले त्याच वर्षी, ते छापून आले. मेंडेलच्या दुसऱ्या पिढीत ५,४७४ बिया गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या, म्हणजे जवळपास तिनास एक. डार्विनने १८६८ च्या ग्रंथात स्नॅपड्रॅगनच्या फुलांवरचा स्वतःचा प्रयोग दिला आहे. नेहमीच्या आकाराचे फूल आणि सर्व बाजूंनी सारखे दिसणारे फूल यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी रोपे नेहमीच्या फुलांची आली. त्यांच्या १२७ रोपांच्या पुढच्या पिढीत ८८ नेहमीची, ३७ वेगळ्या आकाराची आणि २ मधल्या प्रकारची निघाली. मेंडेलचे प्रमाण यात जवळपास समोर उभे आहे. पण डार्विनने त्याकडे एका वाणाची दुसऱ्यावर असणारी सरशी आणि आजोबांच्या गुणाकडे झालेली माघार या नजरेने पाहिले, बेरीज-भागाकाराच्या नजरेने नाही. मेंडेल भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेला, ठरावीक सात गुण निवडून हजारो रोपे मोजणारा. डार्विन जगभरच्या शेकडो उदाहरणांतून एक सर्वसाधारण नियम शोधणारा. फरक बुद्धीचा नव्हता, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा होता.

संग्रहात मेंडेलचे एकही पत्र नाही, कारण या दोघांत पत्रव्यवहार झालाच नाही. पण म्यूनिकच्या कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाला डार्विनने १८६६ मध्ये लिहिलेले पत्र आहे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मेंडेलनेही याच नेगेलीला आपला निबंध पाठवून पत्रव्यवहार सुरू केला होता. एकाच माणसाच्या टेबलावर दोन्ही टोके आली आणि जुळली नाहीत. मेंडेलचे नाव असलेला संकरांवरचा एक जर्मन ग्रंथ डार्विनकडे अखेरच्या काळात होता, त्यातली मेंडेलविषयीची जोडलेली पाने कापलेलीसुद्धा नव्हती, म्हणजे ती वाचलीच गेली नव्हती. मेंडेलने मात्र डार्विनचा ग्रंथ जर्मन भाषांतरात वाचून त्यावर खुणा केल्या होत्या. पुढे १९०० मध्ये मेंडेलचे काम पुन्हा उजेडात आले, तेव्हा डार्विनला जाऊन अठरा वर्षे झाली होती.

मेंडेल हाती नसल्यामुळे डार्विनने स्वतःच एक तोडगा काढला. शरीराचा प्रत्येक भाग अतिसूक्ष्म कण बाहेर टाकतो, ते कण जननपेशींत जमा होतात आणि त्यांच्यामधून पुढची पिढी घडते, अशी त्याची कल्पना होती. कमावलेले गुण, अचानक उफाळून येणारे आजोबा-पणजोबांचे गुण, तुटलेला अवयव पुन्हा उगवणे, या सगळ्याचा उलगडा तिने एकाच सूत्रात होईल, असे त्याला वाटत होते. तिला त्याने ‘पॅनजेनेसिस’ असे नाव दिले. मे १८६५ मध्ये त्याने ती हस्तलिखितात थॉमस हक्स्ली या जीवशास्त्रज्ञ मित्राकडे पाठवली, तेव्हा तिला त्याने स्वतःच घाईची आणि ओबडधोबड म्हटले होते. जुलैमधले हक्स्लीचे उत्तर वाचनीय आहे: उद्या अर्ध्या शतकाने कोणी तुमचे कागद चाळील, त्याला पॅनजेनेसिस सापडेल आणि तो म्हणेल, पाहा, आजच्या सिद्धान्ताची केवढी चाहूल याला लागली होती, आणि त्या गाढव हक्स्लीने हे छापू दिले नाही! ऑक्टोबर १८६७ मध्ये एसा ग्रे या अमेरिकन मित्राला डार्विन लिहितो की या प्रकरणाला लोक वेड्याचे स्वप्न म्हणतील, पण मनाच्या तळाशी मला वाटते की त्यात एक मोठे सत्य आहे.

ही कल्पना चुकीची ठरली आणि ती तपासली गेली ती डार्विनच्याच आप्ताकडून. फ्रान्सिस गॅल्टनने एका जातीच्या सशांचे रक्त दुसऱ्या जातीच्या सशांच्या अंगात भरले. कण रक्तातून फिरत असतील तर पिल्लांत मिश्र रंग दिसायला हवा होता. तो दिसला नाही. ३० मार्च १८७१ रोजी हा निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे आला आणि एप्रिलअखेर डार्विनने ‘नेचर’मध्ये उत्तर दिले की आपण रक्ताबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. शब्दाच्या दृष्टीने हे खरे होते. मला मात्र ही पत्रे वाचताना वाटत राहिले की हे त्याच्या नेहमीच्या उंचीचे उत्तर नाही: जेंकिनच्या टीकेपुढे वाकणारा डार्विन गॅल्टनच्या सशांपुढे वाकला नाही, आणि ही विसंगती या संग्रहात अगदी उघडी पडलेली आहे. गॅल्टनने नात्यातला आदर ढळू दिला नाही, हेही त्याच पत्रांत दिसते.

आनुवंशिकतेचा प्रश्न डार्विनसाठी केवळ विद्येचा नव्हता. त्याची पत्नी एमा ही त्याच्या मामाची मुलगी. दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हे नाते रुळलेले आहे, त्यामुळे त्याविषयीची त्याची घालमेल आपल्याला परकी वाटत नाही. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची अ‍ॅनी एप्रिल १८५१ मध्ये माल्व्हर्नला वारली, त्या दिवसांत तिच्याजवळ असलेल्या डार्विनने घरी एमाला पाठवलेली पत्रे संकेतस्थळावर आहेत आणि ती वाचायला धीर लागतो. विल्यम फॉक्स या चुलत नात्यातल्या मित्राला लिहिताना आपली प्रकृती मुलांत उतरेल, ही भीती पुन्हा पुन्हा डोकावते. १७ जुलै १८७० रोजी त्याने जॉन लबक या खासदार शेजाऱ्याला पत्र लिहून विनंती केली की येत्या जनगणनेत जवळच्या नात्यातल्या विवाहांविषयी प्रश्न घालावा, म्हणजे असे विवाह संततीला अपायकारक आहेत की नाहीत याचा निकाल आकड्यांवर लागेल. प्रस्ताव फेटाळला गेला. मग त्याचा मुलगा जॉर्ज याने दुसऱ्या मार्गांनी आकडे गोळा केले आणि १८७५ मध्ये अपाय असला तरी थोडा आहे, असा निष्कर्ष मांडला. मनातल्या भीतीला मोजणीने उत्तर शोधणारे हे कुटुंब पाहून मला डार्विनविषयी जो आदर वाटला, तो त्याच्या कोणत्याही ग्रंथामुळे वाटला नव्हता.

मर्यादा सांगायला हव्यात. मजकूर इंग्रजीत आहे आणि तोही व्हिक्टोरियन काळच्या लांबलचक वाक्यांचा, गाळलेल्या विरामचिन्हांचा आणि त्याच्या स्वतःच्या वर्णलेखनाचा. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला तो एकट्याने पेलणार नाही. शिक्षकाने शेजारी बसून वाचून दाखवावा लागेल. शाळकरी मुलांसाठी वयोगटानुसार केलेले साहित्य आणि विषयवार परिचयलेख आहेत, त्यांची मदत होते, परंतु त्यांत गृहीत धरलेला विद्यार्थी ब्रिटनमधला आहे. दुसरे असे की संग्रह १८८२ मध्ये डार्विनच्या मृत्यूपाशी संपतो. ऑगस्ट वाइझमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने जननपेशी आणि शरीरपेशी यांच्यात भिंत उभी करून कमावलेल्या गुणांच्या वारशावर घाव घातला तो त्यानंतर. त्यामुळे फक्त या पत्रांवर थांबणाऱ्या वाचकाच्या हाती प्रश्न राहतो, उत्तर नाही. काही पत्रांत त्या काळचे वंशभेदाचे पूर्वग्रहही आहेत, वर्गात वाचायला देताना त्यांची कल्पना आधी द्यावी.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि पदवीला जीवशास्त्र घेतलेल्यांनी हा संग्रह हाताळावा, अशी माझी कळकळीची शिफारस आहे. शोधचौकटीत नुसते ‘उत्क्रांती’चे इंग्रजी नाव टाकून काही साधणार नाही; व्यक्तीचे नाव आणि वर्ष देऊन शोधले की वाट सापडते. १८४४ चा हूकर, १८५५ चा ब्लाइथ, १८६५ चा हक्स्ली, १८६६ चा वॉलेस, १८६९ चा पुन्हा हूकर, १८७१ चा गॅल्टन आणि १८७० चा लबक, एवढी पत्रे तळटीपांसह वाचायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. लबकचे पत्र तारखेने आधीचे असले तरी ते शेवटी वाचावे, आणि त्यानंतर डार्विनने १८७६ मध्ये वनस्पतींच्या स्वपरागण आणि परपरागणावर जो ग्रंथ काढला त्याच्या काळातली पत्रे घ्यावीत: जनगणनेने जे विचारायचे नाकारले, तेच त्याने कुंडीतल्या रोपांना अकरा वर्षे विचारले होते.